चिठ्ठी वाचायची, पाळायची नाही

माझी कुणी कीव करू नये म्हणून आधीच सांगून टाकते, ओंकार खोतची मान मोडली ती माझ्यामुळे. कंपनीमुळेही मोडली, त्यांचं पुढे सांगतेच, त्यांना सोडणार नाही. पण दार उघडं ठेवलं ते मी. आणि शिव्या कुणी खाल्ल्या? माझ्या भावाने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझा भाऊ जालिंदर मगदूम. वारणाकाठच्या कुस्ती मैदानांवर तीस वर्षं निवेदन करणारा. ज्यांनी त्याला ऐकलं नाही त्यांना काय सांगू? मागच्या रांगेतल्या माणसाला धुळीत दोन लंगोट दिसतात, बाकी काही नाही. त्याला कुस्ती दिसायची ती दादाच्या तोंडून. पैलवानाने पाय उचलायच्या आत दादा डावाचं नाव घेऊन मोकळा. हलगीच्या कडकडाटात पंचाची शिट्टी कुणाला ऐकू येते? पंच हात वर करायचा, दादा कर्ण्यावरून ‘चितपट’ म्हणायचा आणि पैलवान एकमेकांना सोडायचे. अख्खं मैदान त्याच्या आवाजावर थांबायचं.

आमच्याकडे एक रीत आहे. मैदान चालू असताना निवेदकाकडे चिठ्ठ्या येतात. कुणाच्या वस्तादाचं नाव घ्यायचं असतं, कुणाचा सत्कार असतो, कुणाची म्हातारी गर्दीत चुकलेली असते. आलेली चिठ्ठी नाकारायची नाही आणि अर्धवट वाचायची नाही. आमच्या वडिलांपासूनचा, आबांपासूनचा, हा दंडक. एकदा कुणीतरी ‘निवेदकाने तोंड आवरावं, कुस्ती बघू द्यावी’ अशी चिठ्ठी पाठवली, तर दादाने तीसुद्धा खणखणीत वाचली आणि खालचं नाव घेऊन त्या गृहस्थांचे आभार मानले.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि जीव वाचवला. जीव वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले आणि घरी आल्यावर कळलं की दादा जिवंत आहे पण दादा घरात नाही. कोपऱ्यात बसायचा. पाटीवर लिहायचा, तेही ‘पाणी’ आणि ‘नको’ एवढंच.

मग तो पट्टा आला. कंठसेतू नावाच्या कंपनीचा. गळ्याभोवती बांधायचा, माणूस नुसतं तोंड हलवतो, मानेतले स्नायू ओढले जातात, पट्टा ते ओळखतो आणि त्या माणसाच्या जुन्या आवाजात शब्द बाहेर टाकतो. दादाच्या तीस वर्षांच्या रेकॉर्डिंगमधून त्यांनी त्याचा आवाज उभा केला. पहिल्यांदा पट्टा लावून तो मला ‘वृषे’ म्हणाला तेव्हा मी पन्नाशीतली बाई ढसाढसा रडले.

पण एक अडचण होती, आणि ती नेमकी माझ्याच कामाची निघाली.

मी पुण्यातल्या एका संस्थेत ‘पाया’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत होते. दवाखान्यातली यंत्रं, श्वासाची मशिनं, इन्सुलिनचे पंप, असले पट्टे, सगळं तिच्यावर चालतं. तिचा जो गाभा, म्हणजे कर्नल, त्यातला मेमरीचा भाग माझ्याकडे. हे काम काय असतं ते सोपं करून सांगते, कारण हे कळलं नाही तर माझा राग कळणार नाही.

यंत्राची मेमरी म्हणजे पानंच पानं. प्रत्येक पानावर काय करता येईल याची परवानगी गाभा देतो: वाचता येईल का, लिहिता येईल का, आणि त्यावर लिहिलेलं हुकूम म्हणून चालवता येईल का. आमचा नियम एकच आणि लोखंडी. ज्या पानावर लिहिता येतं ते पान चालवता येणार नाही, आणि जे चालतं त्यावर कुणाला लिहिता येणार नाही. का? कारण बाहेरून सतत काही ना काही आत येत असतं, कुणाचा निरोप, कुणाचं नाव, कुणाचा फोटो. ते कुठल्या तरी पानावर लिहावंच लागतं. तेच पान चालवता येत असेल तर बाहेरच्याने निरोपाच्या नावाखाली हुकूम लिहून पाठवला की यंत्र तो मुकाट्याने पाळणार. मी नव्या पोरापोरींना शिकवताना मैदानाचंच उदाहरण द्यायची. निवेदकाकडे आलेली चिठ्ठी वाचायची असते, पाळायची नसते. उद्या चिठ्ठीत ‘मंडपाला आग लाव’ लिहून आलं तर निवेदक वाचेल फार तर, काडी ओढणार नाही.

दादाच्या पट्ट्याला हा नियम जाचत होता. माणसाचा गळा रोज बदलतो. सर्दी, थकवा, शस्त्रक्रियेच्या जागेची ओढ. पट्टा दर क्षणाला नवं शिकायचा आणि शिकलेलं लगेच हुकमांच्या रूपात लिहून तिथल्या तिथे चालवायचा. लिहायचं आणि चालवायचं एकाच पानावर, म्हणून तो झपाट्याने बोलायचा. नियम लावला की त्याला प्रत्येक वेळी शिकलेल्या नोंदी एकेक करून वाचत, अर्थ लावत बोलावं लागे. दोन सेकंद उशीर. घरात चहा मागायला दोन सेकंद काही नाही. कुस्तीत दोन सेकंदांत माणूस आकाश बघतो. दादाचं निवेदन म्हणजे वरातीमागून घोडं.

यावर सरळ मार्ग होता. लिहिणारा भाग वेगळा करा, चालवणारा वेगळा करा, मध्ये तपासणी ठेवा. कंपनीच्या लोकांना सहा महिन्यांचं काम. त्यांचे तनय कारखानीस म्हणून एक साहेब होते, गोड बोलणारे. ते म्हणाले, करतोच आहोत हो मॅडम, तोवर तात्पुरती सवलत द्या, तुमच्याच भावाचं मैदान पुढच्या महिन्यात आहे ना?

तात्पुरती! आपल्याकडे तात्पुरता घातलेला पत्रा नातवंडांच्या लग्नापर्यंत डोक्यावर असतो, हे मला माहीत नव्हतं का?

गाभ्यात सवलतींची एक यादी असते. एक ओळ लिहायची की या कार्यक्रमाला, म्हणजे प्रोग्रामला, नियम लागू नाही. मी लिहिली. तेव्हा यादीत फक्त कार्यक्रमाचं नाव घालता यायचं, कुठल्या पट्ट्यावरचा ते सांगायची सोय नव्हती. ती सोय करायला मला आठवडा लागला असता. मी आठवडा घालवला नाही. ओळीच्या शेजारी टीप लिहिली: ‘फक्त जालिंदर मगदूम यांच्या पट्ट्यासाठी, तात्पुरती.’ टीप माणसं वाचतात. यंत्र ओळ वाचतं, टीप वाचत नाही. हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले, आणि स्वतःच्या घरचं काम आलं तेव्हा टिपेवर विसंबले.

आमच्यात प्रत्येक ओळ दुसऱ्याने तपासायची पद्धत आहे. माझी ओळ इर्शाद बागवानकडे गेली. अत्यंत काटेकोर माणूस, स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवणारा. त्याने टिपेतलं नाव बघितलं, आजारी भावाचं प्रकरण आहे, काय विचारायचं, असं म्हणून मंजूर केली. नंतर तो माझ्यासमोर बसून म्हणाला की मी तुझा मान राखला, तेवढंच नको करायला होतं. कंपनीने पुढे अठरा हजार पट्टे विकले, सगळ्यांत कार्यक्रमाचं नाव तेच. अठरा हजार गळ्यांशी माझं दार सताड उघडं, आणि कंपनीला घाई कसली? चालतंय की! ते सहा महिन्यांचं काम तीन वर्षं झाली तरी सुरूही केलं नव्हतं.

आता मागच्या चैत्रातल्या मैदानाचं सांगते. मी तिथेच होते, बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत.

शेवटची कुस्ती ओंकार खोत आणि सोलापूरकडचा निखिल बंडगर यांची. दोघे चोवीस-पंचवीसचे, दोघे एकाला एक भारी. दादा रंगात आला होता. चिठ्ठ्या आता फोनवरून थेट पट्ट्यात यायच्या, म्हणजे नावं अडखळत वाचावी लागू नयेत. कंपनीने विचारलं होतं की चिठ्ठी कुणाची घ्यायची, कुणाची नाही, आणि दादाने आबांचा दंडक सांगितला होता: सगळ्यांची.

बंडगरने ढाक मारून उलथवायला खोतला कमरेवर घेतलं होतं. खोतने मान ताठ धरून, पाय रोवून त्याला अडवलं होतं. माती उडत होती. अन् कर्ण्यातून दादाचा आवाज आला, ‘चितपट! कुस्ती निकाली!’

पंचाचा हात खाली होता. पण तीस वर्षांची सवय. खोतने अंग सैल सोडलं. बंडगरचा जोर निम्म्यात होता, तो थोडाच थांबतो? खोत डोक्यावर आला. तो आवाज मी ऐकला आहे आणि त्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

मी दादाकडे बघितलं. तो दोन्ही हात हलवत होता, मान हलवत होता, नाही, नाही, मी नाही. त्याचे ओठ ‘मी नाही’ म्हणताना मला तिथून दिसत होते. आणि कर्ण्यातून त्याचाच आवाज, त्याच रंगात, पुन्हा पुन्हा: ‘चितपट! चितपट! चितपट!’ ‘हे मी बोललो नाही’ असं सांगायलाही त्याच्याकडे तो पट्टाच होता. शेवटी त्याने दोन्ही हातांनी पट्टा ओरबाडून काढला. तोवर लोक मंचावर चढले होते. तीन चपला तोंडावर, एक काठी खांद्यावर. मी ओरडत होते, माझं कोण ऐकतं?

ओंकार खोतचे हात-पाय गेले. तो आजही पलंगावर आहे.

पट्टा उघडून बघायला मला दोन दिवस लागले. एका फोनवरून चिठ्ठी आली होती. एका वस्तादाचं नाव, आणि नावापुढे चार हजार अक्षरांचा कचरा, जो कुणी माणूस वाचणार नाही. पट्ट्याने नावासाठी राखलेली जागा संपली, उरलेलं शेजारच्या पानावर सांडलं. ते पान चालत होतं. चिठ्ठी पाळली गेली. पोलिसांनी दोघं पकडले, शिकलेसवरलेले. म्हणे गंमत करायची होती, भलत्याच वेळी चितपट म्हणायला लावून व्हिडिओ काढायचा होता. गंमत! आणि माझी ती ओळ यादीत नसती तर काय झालं असतं ठाऊक आहे? चिठ्ठी न चालणाऱ्या पानावर पडली असती, गाभ्याने कार्यक्रम तिथेच मारला असता, दादा अर्धा मिनिट मुका झाला असता. एवढंच.

मी अहवाल लिहिला. माझ्या नावासकट, टिपेसकट, कंपनीच्या तीन वर्षांच्या चालढकलीसकट. आमच्या संस्थेच्या संचालकांनी त्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारला. कंपनीने पत्रक काढलं की वापरकर्त्याने अनोळखी ठिकाणाहून आलेला मजकूर स्वीकारल्याने हा प्रकार घडला. वापरकर्त्याने! तळपायाची आग मस्तकात गेली. बैठकीत कारखानीस साहेब समोर बसून मला सांगत होते की सवलत काढलीत तर अठरा हजार मुक्या माणसांचा आवाज तुम्ही मंद कराल, त्यांच्या तोंडाकडे बघा.

मी म्हटलं, “त्यांच्या तोंडाकडे तुम्ही तीन वर्षं बघितलं असतंत तर आज मला बघावं लागलं नसतं.”

सवलत काढायचा अधिकार माझा होता, तो कुणाच्या बापाला रोखता येत नव्हता. पण त्याआधी मी गावी गेले, दादाला सांगायला.

तो पडवीत बसला होता, खांदा बांधलेला, गळ्यात दुरुस्त करून आणलेला पट्टा. मी सगळं सांगितलं. ओळ, टीप, अठरा हजार. शेवटी मी म्हणाले की ती ओळ मी उद्या काढणार आहे, आणि मग तुझा आवाज दोन सेकंद मागे पडेल. कंपनीवाले ते काम पुरं करेपर्यंत तरी. कधी करतील देव जाणे.

“चूक तुझी,” तो म्हणाला, “आणि गळा माझा कापतीस व्हय गं?”

मी म्हटलं, उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून काय निघेल सांगता येत नाही.

“ते मला कळतंय. मला शिकवू नगंस. लोक म्हणत्यात जालिंदरनं पोराला मारलं. हे तू मैदानात सांगितलंस का? नाही. तिकडं कागदावर सांगितलंस आन् कागद कपाटात. जा, काढ तुझी ओळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती ओळ काढली. इर्शादने या वेळी प्रत्येक अक्षर तपासलं. बैल गेला आणि झोपा केला. त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलला नाही. पट्टा होता, उशिरा का होईना चालत होता. मी गावी गेले की तो उतरवून ठेवायचा आणि पाटी घ्यायचा. ‘पाणी.’ ‘नको.’

आणि मी? मी अकरा महिने गप्प बसले. नोकरीत घेताना बाहेर न बोलण्याच्या कागदावर सही घेतात, तिचं कारण मी स्वतःला देत राहिले. पहिली चूक घाईची होती, मायेचीही म्हणा. ही दुसरी निव्वळ भित्रेपणाची. पहिलीपेक्षा मला तिचा राग जास्त आहे.

या चैत्रात मैदान पुन्हा भरलं. कमिटीतल्या जुन्या माणसांनी दादाला बोलावलं, पण फक्त सुरुवातीच्या नमनापुरतं आणि जोडांची नावं सांगण्यापुरतं. कुस्ती चालू असताना बोलायला दुसरा तरुण निवेदक. दादा तरी आला. पांढरा फेटा बांधून आला. पहिल्या रांगेत ओंकारचे वडील आनंदराव खोत आणि त्यांच्या तालमीची माणसं बसली होती, सगळी मंचाकडे पाठ करून. दादा बोलायला लागला तसा कुणी हसला, कुणी शिट्टी मारली. ओठ हलायचे आणि दोन सेकंदांनी शब्द यायचा. तो तरीही एकेक नाव, एकेक वस्ताद, एकेक तालीम सांगत राहिला. त्याला घाम फुटला होता.

मला ते बघवेना. मी पर्समधला कागद काढला आणि लिहिलं. चिठ्ठ्या आता पुन्हा कागदावरच येत होत्या. पुढच्या बाईच्या हातात दिली, ती हातोहात मंचावर गेली.

दादाने चष्मा लावला. चिठ्ठी मनात वाचली आणि मान वर करून मला गर्दीत शोधलं. मी उभी राहिले. त्याने नकारार्थी मान हलवली. मीही हलवली, नकार चालणार नाही म्हणून. आबांचा दंडक तोही विसरला नव्हता, मीही नाही.

त्याचे ओठ हलले. दोन सेकंद गेले.

“चिठ्ठी आली आहे. मागल्या वर्षी खोट्या चितपटाचा आवाज निवेदकाचा नव्हता. बाहेरच्या माणसाने तो पट्ट्यात घातला. घालता आला, कारण कंठसेतू कंपनीने तीन वर्षं काम टाळलं, आणि त्या कंपनीला नियमातून सूट देणाऱ्या बाईने ती सूट स्वतःच्या भावासाठी दिली. ओंकार खोतची अपराधी ती आहे, निवेदक नाही.”

पाठ करून बसलेली माणसं एकेक करून वळली. खाली माझं नाव होतं, पूर्ण, ठळक. दादाने ते वाचलं नाही. चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. मागून लोक ओरडायला लागले, नाव सांगा, नाव! तीस वर्षांत त्याने अर्धवट वाचलेली ती पहिली चिठ्ठी.

मग मी चालत गेले, मंचावर चढले आणि त्याच्या हातातून माईक घेतला. माझा गळा शाबूत आहे, त्याला कुठली सूट लागत नाही. म्हटलं, “ती बाई मी. वृषाली मगदूम. नोकरीची सही मोडून सांगते आहे, उद्या ते काय करायचं ते करोत. जालिंदर मगदूमला ज्यांनी चपला मारल्या, त्यांनी पत्ता चुकवला होता.”

माईक त्याच्या हातात परत दिला. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मी वळले, पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर होते तेव्हा मागून कर्ण्यातून त्याचा आवाज आला. तो कधी बोलायला लागला मला कळलंच नव्हतं, शब्द उशिरा येत होते, माझ्याच त्या दोन सेकंदांनी.

“बहीण हाय माझी. कुणाला काय बोलायचं ते मला बोला.”

आनंदराव खोत उठून उभे राहिले होते. त्यांना जे बोलायचं होतं ते मलाच बोलायचं होतं, आणि ते बरोबर होतं. मी त्यांच्याकडे चालत गेले.